पब, दुकान आणि मधली सात घरं

शुक्रवार, 9 डिसेंबर 1960, संध्याकाळचे सात. पडद्यावर कोपऱ्यावरचं एक लहानसं वाणसामानाचं दुकान. दुकान विकून चाललेल्या लॅपिनबाई नव्या मालकीणबाईंना, फ्लॉरी लिंडलींना, पहिलंच काम सांगतात: पेंटर बोलवा आणि दारावरची पाटी बदलून घ्या. तेवढ्यात डोक्यावर केसांची जाळी, अंगात जाड कोट अशा एक बाई आत येतात. नाव ईना शार्पल्स. विधवा आहात का? प्रार्थनेला कुठं जाता? फ्लॉरी उत्तर जुळवतेय तोवर ईनाबाईंनी तिचा पंथ परस्पर ठरवूनही टाकलेला असतो. मग केक आजचेच आहेत ना, याची खात्री करून त्या अर्धा डझन बांधायला सांगतात. त्यात एक्लेअर नकोत, ही ताकीद वेगळी.

'कोरोनेशन स्ट्रीट' या मालिकेची ही सुरुवात. कुणी मेलं नाही, कुणाचं लग्न मोडलं नाही. नव्या बिऱ्हाडाची उलटतपासणी झाली आणि केक विकले गेले, बस्स. साठ-पासष्ट वर्षं झाली, मालिका अजून चालू आहे. आणि इतक्या वर्षांत ब्रिटनमध्ये एक तक्रारही तितक्याच नेमाने चालू आहे: पहिल्या काळातली मजा आता राहिली नाही. म्हातारी माणसं असं म्हणतात हे समजण्यासारखं आहे. पण जे 1960 मध्ये जन्मलेही नव्हते, तेही जुने काळे-पांढरे भाग शोधून पाहतात आणि हेच म्हणतात. या ओढीचा गुंता सोडवायचा तर आधी ती गल्ली नीट पाहायला हवी.

ही मालिका 'सोप' या प्रकारातली. सोप म्हणजे काय, हे आधी चटकन सांगतो. 1930च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारी घरच्या बायकांसाठी क्रमशः नाटकं लागत आणि त्यांचा खर्च साबण बनवणाऱ्या कंपन्या उचलत. त्यावरून चेष्टेने 'सोप ऑपेरा' हे नाव पडलं. आपल्याकडची मालिका कितीही ताणली तरी कधीतरी संपते. नायिकेला न्याय मिळतो, खलनायिका रडते, फोटो काढून सगळे घरी जातात. ब्रिटिश सोप संपण्यासाठी लिहिलेलाच नसतो. त्याला नायक नसतो, वस्ती असते. माणसं येतात, जातात, मरतात, वस्ती राहते.

या वस्तीचा आराखडा अगदी साधा. भिंतीला भिंत लावून बांधलेल्या विटांच्या घरांची एक रांग. एका टोकाला 'रोव्हर्स रिटर्न' नावाचा पब, दुसऱ्या टोकाला ते दुकान, मध्ये सात घरं. समोरच्या बाजूला रेनकोट शिवणारा कारखाना आणि 'ग्लॅड टाइडिंग्ज' नावाचा प्रार्थनेचा हॉल. ईनाबाई या हॉलची राखणदारी करतात आणि तिथंच राहतात. गावाचं नाव वेदरफील्ड, ते काल्पनिक. पण त्यामागे मँचेस्टरला लागून असलेलं सॅलफर्ड आहे, हे तिथल्या कुणालाही कळतं. नावातला राज्याभिषेक एलिझाबेथचा असेल असं वाटतं, पण तो सातव्या एडवर्डचा. कथेप्रमाणे ही गल्ली 1902 मध्ये बांधली गेली. म्हणजे पहिला भाग लागला तेव्हाच घरं जवळपास साठ वर्षांची होती.

अशी घरं लँकेशरभर, म्हणजे मँचेस्टरच्या भोवतालच्या परगण्यात, होती. खाली दोन खोल्या, वर दोन, संडास मागच्या परसात. पुढची खोली पाहुण्यांसाठी जपून ठेवायची आणि घरच्यांनी मागच्या खोलीत शेगडीभोवती दिवस काढायचा. कापसाच्या गिरण्या, गोदी, कारखाने यांच्यासाठी माणसं लागत होती, ती अशा रांगांमध्ये भरली. गिरणगावातल्या चाळी ज्या गरजेतून उभ्या राहिल्या, तीच ही गरज. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा मुंबई बंदरातून कापूस तिकडे गेला आणि त्या पैशाने मुंबई उसळली, हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. त्या कापसाच्या दुसऱ्या टोकाला जी माणसं होती, त्यांची नातवंडं-पतवंडं म्हणजे ही गल्ली.

ती लिहिणारा टोनी वॉरन मालिका सुरू झाली तेव्हा 24 वर्षांचा होता. सॅलफर्डच्याच बाजूला वाढलेला, लहानपणी रेडिओवर काम केलेला. आजीच्या घरी बायका जमायच्या आणि हा पोरगा टेबलाखाली बसून त्यांचं बोलणं ऐकायचा, असं तो पुढं सांगत असे. तो समलिंगी होता आणि ते लपवत नव्हता. इंग्लंडमध्ये 1967 पर्यंत समलिंगी पुरुषसंबंध हा गुन्हा होता, हे लक्षात घेतलं तर त्याची हिंमत कळते. त्याच्या कथेत पुरुष जरा फिके आणि बायका एकापेक्षा एक का, याचं उत्तर मला त्या टेबलाखालीच सापडतं.

मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनमध्ये तो पगारी लेखक होता आणि दुसऱ्यांच्या साहसकथांची रूपांतरं करून विटला होता. तेव्हाचा किस्सा असा, की एके दिवशी तो हॅरी एल्टन या कॅनडाहून आलेल्या निर्मात्याच्या खोलीत फायलींच्या कपाटावर चढून बसला आणि मला जे माहीत आहे ते लिहू द्या, तोवर उतरत नाही म्हणाला. त्यातून ही गल्ली निघाली. आधी नाव होतं 'फ्लोरिझेल स्ट्रीट'. चहा देणाऱ्या बाईंना ते फरशी पुसायच्या औषधासारखं वाटलं म्हणून बदललं, असंही सांगतात. वरच्या साहेबांना नमुन्याचा भाग आवडला नव्हता. एल्टनने इमारतीत ठिकठिकाणी टीव्ही संच लावले आणि टायपिस्टपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळ्यांना तो दाखवून त्यांचं मत घेतलं. कुणाला फार आवडला, कुणाला अजिबात नाही. मधलं मत कुणाचंच नव्हतं. मंजुरी मिळाली ती तेरा भागांपुरती. 'डेली मिरर'च्या समीक्षकाने तर मालिका जन्मतःच बुडीत असल्याचं लिहिलं. तिचं रडकं संगीत आणि धुराड्यांची उदास दृश्यं त्याला सोसवली नव्हती.

ते रडकं संगीत एरिक स्पिअरचं. कॉर्नेटवर वाजणारी, ओल्या संध्याकाळसारखी धून. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ, आणि उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींच्या बँडमधलं हे हुकमी वाद्य. तिथल्या माणसाला पहिल्या चार सुरांतच आपलं गाव ऐकू येत असे.

'ऐकू येत असे' हे मुद्दाम म्हणतो. तोवर ब्रिटिश टीव्हीवर बोलायचं म्हणजे दक्षिणेकडचं, कडक इस्त्रीचं इंग्रजी. उत्तरेचा हेल आला तर विनोदी नोकराच्या किंवा मूर्ख पाहुण्याच्या तोंडी. आपल्याकडे मालवणी किंवा वऱ्हाडी पात्रांचं बराच काळ झालं, तसंच. इथं पहिल्यांदाच एक अख्खी वस्ती आपल्या बोलीत, लेखक हसवत नसताना, भांडत होती. असले वारे त्या सुमाराला रंगभूमीवर आणि सिनेमात वाहतच होते. सॅलफर्डच्याच शीला डिलेनी या एकोणीस वर्षांच्या मुलीचं नाटक 1958 मध्ये लंडनमध्ये गाजलं होतं. पण नाटकाला तिकीट काढावं लागतं. ही मंडळी आठवड्यातून दोनदा घरात येऊन बसायला लागली.

पहिल्याच भागात केन बार्लो हा तरुण कॉलेजातून जेवायला घरी येतो. गल्लीतला हा शिकलेला मुलगा. समोर बाप जेवणावर बाटलीतला सॉस ओततोय. केन काही बोलत नाही, पण त्याचा चेहरा बोलतो, आणि बाप नेमका तो चेहरा वाचतो. तुमच्या कॉलेजात असं करत नाहीत वाटतं? संध्याकाळी त्याला मैत्रिणीला भेटायला एका हॉटेलात जायचंय, आणि त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याची आई राबते. शेवटी मैत्रीणच घरी येऊन थडकते, तर बाप आणि धाकटा भाऊ बसायच्या खोलीतच सायकलची ट्यूब दुरुस्त करत बसलेले. पोराची मान खाली. गावाकडून शिकायला पुण्या-मुंबईत आलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागू नये.

आता मूळ प्रश्न. ओढ नेमकी कशाची?

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द आज आपण गोड अर्थाने वापरतो, पण तो जन्मला आजाराचं नाव म्हणून. 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलच्या विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधासाठी ग्रीक शब्द जोडून तो घडवला. एक शब्द घरी परतण्याचा, दुसरा दुखण्याचा. मायदेशापासून लांब असलेले स्विस लोक झुरत, जेवत नसत, त्यांना काय झालंय याचं ते निदान होतं. म्हणजे मुळात हे दुखणं जागेचं. ते काळाचं झालं पुढच्या दोन-तीनशे वर्षांत. फरक असा, की जागेला परतता येतं, काळाला नाही. त्यामुळे काळाच्या आजाऱ्याला औषध एकच: त्या काळाचं जे काही जपलं गेलंय ते पुन्हा पाहणं.

इथं मालिकेच्या नशिबाने एक गोष्ट घडली. साठच्या दशकात व्हिडिओ टेप महाग होती. वाहिन्या जुन्या कार्यक्रमांवर नवे कार्यक्रम टेप करत. बीबीसीच्या 'डॉक्टर हू'चे कित्येक जुने भाग असेच गेले. ग्रॅनाडाने मात्र आपल्या गल्लीचे जुने भाग सांभाळले. म्हणून 1960 सालचा तो शुक्रवार आजही कुणी पाहू शकतं. आठवण आणि पुरावा दोन्ही हाताशी असण्याचा हा योग टीव्हीच्या इतिहासात फारसा येत नाही.

दुसरं कारण मनाचं. माणसाला सगळं आयुष्य सारख्या प्रमाणात आठवत नाही. साधारण दहा ते तिशीपर्यंतचा काळ स्मृतीत जास्त दाट असतो, हे मानसशास्त्रज्ञांनी वारंवार पाहिलंय. गाणी असोत की क्रिकेटपटू, आपल्या विशीतलेच सर्वोत्तम होते, याची प्रत्येकाला खात्री असते ती याचमुळे. शिवाय 1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन संशोधकांनी टीव्ही पाहणाऱ्यांबद्दल एक गोष्ट नोंदवली होती. पडद्यावरचं माणूस नेमाने भेटत राहिलं, की पाहणाऱ्याला ते ओळखीचं, मैत्रीतलं वाटू लागतं. नातं खरं, पण एका बाजूने. या मालिकेत ते नातं कुठवर गेलं पाहा: केन बार्लोचं काम करणारे विल्यम रोच पहिल्या भागापासून दशकानुदशकं त्याच भूमिकेत राहिले. तेव्हा विशीतला प्रेक्षक आणि विशीतला केन बरोबरच म्हातारे झाले. सख्ख्या भावाचीही इतकी नियमित भेट होत नाही.

पण ही दोन्ही कारणं कुठल्याही जुन्या मालिकेला लागू पडतील. या गल्लीचं म्हणून जे काही आहे, ते तिसरं. मालिका सुरू झाली त्याच वर्षांत सॅलफर्ड आणि मँचेस्टरमधल्या अशा रांगा पाडल्या जात होत्या. घरं ओलसर होती, संडास बाहेर होते, सरकारला ती गलिच्छ वस्ती वाटत होती आणि तिथल्या पुष्कळ बायकांनाही नळाचं गरम पाणी हवंच होतं. लोक उंच इमारतींत, नव्या वसाहतींत गेले. सॅलफर्डची आर्ची स्ट्रीट पाहून या मालिकेचा सेट बेतला होता. ती खरी गल्ली 1971 मध्ये पाडली. खोटी उभीच राहिली. म्हणजे पहिल्या वर्षांतले भागही 'आज'चे नव्हते. आपलं जुनं घर सोडून आठव्या मजल्यावर गेलेली बाई सोमवारी आणि बुधवारी साडेसातला टीव्ही लावून जुन्या शेजारात जात होती. ज्याला आपण आज जुन्या मालिकेची हुरहूर म्हणतो, ती त्या मालिकेच्या पोटातच होती. आपल्या हाती आली ती आठवणीची आठवण.

गल्ली तरी कुठं धड होती म्हणा! सुरुवातीला ती स्टुडिओच्या आतच उभारलेली होती, आणि रस्त्याचे गोटे जमिनीवर रंगवलेले. सोमवार-बुधवार ठरण्याआधी, अगदी पहिल्या महिन्यांत, शुक्रवारचा भाग थेट प्रक्षेपित व्हायचा आणि लगेच पुढच्या बुधवारचा टेप केला जायचा. चुकलं तर चुकलं. नट नाटकातून आणि रेडिओतून आलेले, त्यांना सलग बोलायची सवय. कॅमेरे अवजड, म्हणून माणसं एका खोलीत बसून बराच वेळ बोलणार. पैसा नाही, म्हणून आग नाही, पूर नाही, विमान अपघात नाही. जुन्या भागांचे चाहते ज्याला 'जिव्हाळा' म्हणतात, त्यातला मोठा वाटा माझ्या मते या टंचाईचा आहे. दोन बायकांना एका टेबलाशी सात मिनिटं बसवायचं, तर त्यांचं बोलणं चांगलं लिहावंच लागतं.

नोव्हेंबर 1961 मध्ये नटांच्या संघटनेने आयटीव्हीविरुद्ध, म्हणजे ही मालिका जिच्यावर लागे त्या खासगी वाहिनीविरुद्ध, संप पुकारला. दीर्घ करार झालेले डझनभराहून थोडे अधिक कलाकार तेवढे काम करू शकत होते; नवा माणूस आणता येईना. पोस्टमन नाही, दूधवाला नाही, पबमध्ये मागे उभं राहायला गर्दी नाही. 1962च्या एप्रिलपर्यंत मालिका या मूठभर लोकांवर चालली आणि प्रेक्षक टिकून राहिले.

टंचाईतून आलेल्या या बोलण्याचं सगळ्यात जवळून दिसणारं उदाहरण म्हणजे पबमधली ती कोपऱ्यातली खोली. इंग्लंडमधल्या जुन्या पबांमध्ये मुख्य दालनाच्या बाजूला एक छोटी आडोशाची खोली असे, तिला स्नग म्हणतात. बायकांनी पुरुषांच्या नजरेआड बसून पिण्याची ती सोय. रोव्हर्सच्या स्नगमध्ये तिघी बसायच्या: ईना शार्पल्स, मिनी कॉल्डवेल आणि मार्था लाँगहर्स्ट. समोर मिल्क स्टाऊट, म्हणजे गोडसर काळी बीअर. ईना बोलणार, मार्था खवचट पुरवणी जोडणार, मिनी भलतंच काहीतरी ऐकून भाबडा प्रश्न विचारणार. पलीकडे काउंटरवर ॲनी वॉकर, आपण पबवाली नसून सरदारीण असल्याच्या थाटात. भागच्या भाग यावर जात. पुढं राजकवी झालेले जॉन बेट्जेमन या मालिकेची तुलना थेट डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीशी करत. ते या स्नगमुळे असावं असं मला वाटतं.

मे 1964 मध्ये एका भागात मुख्य दालनात पार्टी चालली होती, गाणी चालू होती. मार्था एकटी स्नगमध्ये येऊन बसली. तिने नुकताच आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला होता, स्पेनला जायचं होतं. गाणं चालू असतानाच ती टेबलावर कलंडली. बाहेरच्यांना कळायला वेळ लागला. शेवटी नामावली आली ती संगीताशिवाय. टेबलावर चष्मा आणि पासपोर्ट तेवढे उरले होते. पुढं याच मालिकेत ट्राम पुलावरून गल्लीत कोसळली, स्फोट झाले, खुनी मोकाट फिरले. 1989 पर्यंत आठवड्याला दोन भाग होते. पुढं ते वाढत गेले, 2017 मध्ये सहा झाले, आणि अशी वाढती भूक भागवायची तर ट्रामही कोसळवावी लागते. पण जुनी माणसं आठवण काढतात ती चष्म्याची.

त्या काळी पाहायला होतं तरी काय, हाही मुद्दा आहे. दोनच वाहिन्या, बीबीसी आणि आयटीव्ही. तिसरी 1964 मध्ये आली. काल रात्री ईना काय म्हणाली हे सकाळी कारखान्यात, बसमध्ये, खाटकाच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक असायचं. रविवारी रस्ते ओस पाडणारं दूरदर्शन ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल. लोकांना कार्यक्रमाइतकीच, कदाचित जास्त, त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळची आठवण येते.

हुरहूर काय गाळते, तेही सांगितलं पाहिजे. जुने भाग सलग पाहिले तर मधूनमधून कंटाळा येतो. तो कुणालाही आठवत नाही. शेजारधर्माच्या त्या उबेला दुसरी बाजू होती. सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असणं हे ईनाबाईंच्या बाजूने पाहिलं तर मजेचं, एल्सी टॅनरच्या बाजूने पाहिलं तर जाच. नवऱ्याशिवाय राहणारी, नटणारी, पुरुषांशी मोकळी वागणारी एल्सी. अख्खी गल्ली तिचा हिशेब ठेवून असे. आणि ही गल्ली जवळजवळ पूर्ण गोरी होती. त्याच वर्षांत मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांमध्ये, बसगाड्यांवर भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीजमधून आलेली माणसं कामाला लागत होती. 1963 मध्ये जॉनी अलेक्झांडर हा काळा बसकंडक्टर एका कथानकात आला, वर्णद्वेषाचा प्रश्न निघाला, आणि तो निघून गेला. नियमित पात्रांमध्ये भारतीय वंशाचं कुटुंब यायला 1999 उजाडलं. 'तेव्हा कसं सगळं आपलं होतं' हे वाक्य कुणी म्हटलं की त्यातल्या 'आपलं'वर मी जरा थांबतो.

1969 मध्ये मालिका रंगीत झाली आणि बरेच जण आपल्या 'पहिल्या काळा'ची रेघ तिथंच ओढतात. गंमत अशी की विटा लाल आहेत हे दिसल्यावर गल्ली कमी खरी वाटू लागली, असं म्हणणारे भेटतात. काळ्या-पांढऱ्यात धूर, पाऊस, विटा सगळं एकाच रंगाचं होतं, आणि आठवणीलाही तोच रंग सोयीचा पडतो.

फ्लॉरीने पाटी रंगवून घेतली, पुढं ते दुकान पुष्कळ हातांतून गेलं. 1999 मध्ये देव अलहान नावाचं पात्र गल्लीत आलं, आणि कोपऱ्यावरच्या त्याच दुकानावर आता अलहान या आडनावाची पाटी आहे.